ईदनंतरचा वजनकाटा

रमजानचा चांद दिसण्याआधीच कॉलेजच्या मुलामुलींच्या बोलण्यात एक संकल्प हमखास येतो. ‘यंदा रोज्यांत पाच किलो तरी उतरवायचेच!’ श्रावण किंवा नवरात्र जवळ आले की त्यांच्या हिंदू मैत्रिणीही हेच म्हणतात. महिनाभर उपवास घडतो, काटा थोडा खाली येतो, कौतुकही होते. सण सरला की दोन-तीन महिन्यांत काटा पुन्हा जागेवर येतो, कधी आधीच्याही वर जातो.

अहेरी, मूल, ब्रह्मपुरी किंवा सिंदेवाहीहून चंद्रपूर-गडचिरोलीला शिकायला आलेल्या अनेकांची ही ओळखीची कहाणी आहे. सुरुवात बहुधा दहावीच्या सुट्टीत, कुणा पाहुण्याच्या टोमण्याने होते. मग लिंबू-मध, मग नुसती काकडी, मग भात बंद, मग मोबाइलवर पाहिलेला सात दिवसांचा डाएट, मग जिममधली पावडर. दर वेळी वजन उतरते, दर वेळी परत येते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्या मुलीची खात्री पटते की आपल्यातच जिद्द नाही. खरे नुकसान इथेच होते. वाढलेले किलो उतरवता येतात. स्वतःवरचा उडालेला विश्वास परत आणणे त्याहून अवघड.

वास्तविक दोष तिच्या जिद्दीचा नाही. दुसरे महायुद्ध संपत आले असताना, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. हे सगळे स्वेच्छेने आलेले, निर्धाराचे पक्के लोक होते. त्यांना सहा महिने जेमतेम अर्धा आहार मिळाला, म्हणजे दिवसाला सुमारे १,६०० कॅलरी. आजचे कित्येक ‘झटपट’ डाएट याहूनही कमी देतात. त्या तरुणांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. सोबत चिडचिड आली, उदासी आली, डोक्यात रात्रंदिवस अन्नाचेच विचार घोळू लागले. प्रयोग संपल्यावर अनेक जण पोट भरूनही खातच राहिले आणि अंगावरची चरबी पूर्वीपेक्षा जास्त झाली. उपासमार झाली की शरीर खर्च आवरते, भूक वाढवते आणि संधी मिळताच साठा करते. दुष्काळात तग धरण्यासाठी मिळालेली ही देणगी आहे. तिच्याशी दर दोन महिन्यांनी कुस्ती खेळली तर हार ठरलेलीच.

मग रोज्यांचे काय? रोजामुळे शिस्त लागते, तर वजनासाठी तिचा उपयोग का करू नये, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण रोजा हा डाएट नव्हे. रमजानमधल्या वजनावर अनेक देशांत अभ्यास झाले आहेत. त्यांचा गोषवारा असा की महिन्यात सरासरी एक-दीड किलो घट होते आणि पुढच्या काही आठवड्यांत ती बहुतांशी भरून निघते. ज्यांच्या इफ्तारच्या दस्तरखानावर रोज भजी, समोसे आणि गोड सरबताचा जग असतो, त्यांचे तर वजन वाढतेच. सहरी चुकवून दिवस ढकलायचा आणि मगरिबनंतर तुटून पडायचे, हा त्या मुलीच्या जुन्या डाएटचाच नवा अवतार आहे.

रमजानची शिकवण नीट ऐकली तर ती वेगळे सांगते. पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, असे प्रेषितांनी सांगितले. काम थोडे असले तरी चालेल, पण ते नित्य व्हावे. तेच अल्लाहला अधिक प्रिय, हेही त्यांनीच सांगितले. गीतेतही अति खाणे आणि मुळीच न खाणे, दोन्ही नाकारून बेताच्या आहाराला मान दिला आहे. धर्म कोणताही असो, सल्ला एकच निघतो : महिन्याच्या पराक्रमापेक्षा वर्षभराची सवय मोठी.

अशा सवयीचा दाखला शोधायला लांब जायला नको. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्था उभी करणारे डॉ. अभय बंग यांना १९९५ मध्ये हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर त्यांनी आहार, व्यायाम, योग, ध्यान आणि एकूण जगण्याची रीत कशी बदलली, ते ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात लिहिले आहे. तिथे दुखणे हृदयाचे होते, पण धडा वजनालाही लागू पडतो. महिनाभराच्या पथ्याने भागत नाही. बदल रोजच्या जगण्यात उतरावा लागतो.

आता जगणे बदलायचे म्हणजे आपली माती सोडायची असे नाही. हा धानाचा पट्टा आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी तांदूळ दिला तो याच मातीत. इथल्या मुलीला ‘भात कायमचा सोड’ सांगणे म्हणजे तिला पुन्हा हरायला पाठवणे. भात राहू द्यावा, पण ताटात त्याचा डोंगर नको. दोन वाट्यांची एक वाटी करावी आणि रिकाम्या जागी घट्ट वरण, चण्याची उसळ, अंडे, तलावातली मासळी किंवा पालेभाजी यावी. खजूर आणि पाण्याने रोजा सोडावा, थोडे थांबावे, मग साधे जेवण घ्यावे. भजी रोज न होता एखाद्या दिवशी व्हावीत. सहरी सोडू नये. आठवड्याला अर्धा किलो घट पुष्कळ झाली. एखाद्या आठवड्यात काहीच उतरले नाही तरी बिघडत नाही.

नुसत्या काट्यावरही विसंबू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की दिसायला सडपातळ असलेल्या भारतीयाच्या अंगातही चरबीचे प्रमाण मोठे असू शकते. म्हणून कमरेचा टेप महत्त्वाचा. मुलींसाठी ८० आणि मुलांसाठी ९० सेंटिमीटरच्या आत कंबर, ही आपल्याकडची सोपी खूण आहे. भराभर चालावे, पण ताडोबाच्या बफरमधल्या गावात पहाटे एकटीने फिरायला जा, असे सांगणे ही थट्टाच. तिथे अंगणात दोरीवरच्या उड्या, घरातले जिने किंवा उजेडात मैत्रिणींसोबतची सायकल बरी. महाविद्यालयांनीही संध्याकाळी मैदान मुलींसाठी मोकळे ठेवले, तर दहा व्याख्यानांपेक्षा अधिक काम होईल.

घरच्यांची जबाबदारी त्याहून मोठी. राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. अशा अंगावर उपासमारीचा डाएट म्हणजे चक्कर, केस गळणे, पाळी चुकणे. लग्नाच्या बाजारासाठी पोरीचे ताट मोजणाऱ्यांनी एकदा तिचे हिमोग्लोबिनही मोजून घ्यावे. आणि कुणी लपूनछपून खात असेल, खाऊन मुद्दाम उलटी काढत असेल, तर तो आजार आहे. तिथे टोमणा नको, डॉक्टर हवा. आजारी माणसाला रोज्यातून सवलत शरीयतनेच दिली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

ईदच्या दिवशी शीरखुर्मा शेजारच्या घरी जाईल, तिकडून डबा रिकामा परत यायचा नाही. त्या दिवशी वाटीभर शीरखुर्मा खुशाल खावा, मनात हिशेब न मांडता. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी आहे. त्या सकाळी वाटीभर भात, घट्ट वरण आणि अर्ध्या तासाचे चालणे पुन्हा सुरू झाले, की वर्षानुवर्षांचा तो झोका थांबायला लागतो.