रियाज किती तासांचा?

गेल्या पंधरवड्यात एका आजींचे पत्र आले. मुलगा व सून दोघेही नोकरीला जातात, त्यामुळे पंधरा वर्षांच्या नातीचा दिवस आजींच्याच हाती असतो. नात शास्त्रीय गायन शिकते आणि पुढे गायिकाच होण्याचा तिचा निश्चय आहे. दहा हजार तासांचा हिशेब कोठेतरी तिच्या वाचनात आला, तेव्हापासून वहीत रोजच्या तासांची बेरीज मांडली जाते. शाळा, शिकवणी, गृहपाठ आटोपून ती रात्री साडेदहाला तानपुऱ्याजवळ बसते ती साडेबाराला उठते. अलीकडे सकाळी तिचा आवाज बसलेला असतो. ‘तिला थांबवले तर तिचे भवितव्य बिघडवल्याचा दोष माझ्याकडे येईल का?’ असे आजींनी विचारले आहे.

प्रथम या आकड्याची कुळकथा पाहू. १९९३ साली अँडर्स एरिक्सन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत विद्यालयातील व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अध्यापकांनी सर्वोत्तम ठरवलेल्या दहा विद्यार्थ्यांचा विसाव्या वर्षापर्यंतचा एकांतातील सराव सरासरीने दहा हजार तासांच्या घरात गेला होता. २००८ साली माल्कम ग्लॅडवेल यांच्या एका लोकप्रिय पुस्तकामुळे हा आकडा जगभर पोचला आणि वाटेत त्याचा नियम झाला. वास्तविक ती केवळ सरासरी होती. त्या दहांपैकी निम्म्यांनी विसाव्या वर्षी दहा हजारांचा टप्पा गाठलेलाही नव्हता, हे एरिक्सन यांनीच पुढे स्पष्ट केले. शिवाय ती मुले तेव्हा विद्यार्थीच होती, नामांकित वादक नव्हेत.

त्याच अभ्यासातील दुसरा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही, आणि आरोग्याच्या दृष्टीने मला तोच अधिक मोलाचा वाटतो. ही उत्तम मुले दिवसाला साधारण साडेतीन तास एकट्याने सराव करीत. तो एका बैठकीत नव्हे, तर तुकड्यातुकड्यांनी, मध्ये विश्रांती घेऊन. आणि मुख्यतः सकाळी, मन ताजे असताना. दुपारी ती डुलकी काढीत. एकूण झोपही सामान्य गटातील मुलांपेक्षा अधिक घेत. एकाग्रतेने केलेला सराव थकवणारा असतो, म्हणून झोप हा त्याचा खर्च नव्हे, भरपाई होय. झोप कापून वहीत मिळवलेले दोन तास त्या बर्लिनकरांच्या हिशेबात बसणारे नाहीत.

आपल्याकडेही तासांच्या कथा उदंड आहेत. चाळीस दिवसांचा चिल्ला, छताला बांधलेली शेंडी, पहाटेचा खर्ज. त्यांतल्या कितीक शिष्यांनी गुरूंच्या प्रेमापोटी वाढवून सांगितल्या असतील. पण अतिरेकाची किंमत सांगणारी एक हकीकत संगीताच्या इतिहासात नोंदलेली आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ अमलेटा संस्थानात असताना राजाच्या इच्छेखातर अखंड गात राहिले आणि त्यांचा आवाज गेला. पूर्वीचे तेज पुन्हा लाभले नाही. त्या बदललेल्या आवाजाला सोसेल अशी गायकी त्यांनी नव्याने घडवली. त्यातून एक घराणे उभे राहिले, हे खाँसाहेबांचे असामान्यत्व. आपल्या नातवंडांनी आवाज घालवून पाहावा, असा त्याचा अर्थ नाही.

कंठात काय घडते, हे आजींनी समजून घ्यावे. काळी चारचा मध्य षड्ज लावला की दोन स्वरतंतू एका सेकंदात सुमारे २०८ वेळा एकमेकांवर आदळतात. म्हणजे सलग तासाभरात सात लाखांहून अधिक वेळा. तार षड्जावर हा वेग दुप्पट होतो. दिवसभर शाळेत बोलून थकलेल्या तंतूंवर रात्री हा भार पडला की त्यांना सूज येते, आणि तसेच चालू राहिले तर गाठी धरू शकतात. सकाळी बसलेला आवाज ही त्याचीच सूचना असू शकते. अशा वेळी काही दिवस गाणे बंद ठेवावे. दोन-तीन आठवड्यांत आवाज पूर्ववत न झाल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र दुर्बिणीने तपासून घ्यावे. हा नियम घरातील वडीलधाऱ्यांनाही, विशेषतः तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांना, तितकाच लागू आहे.

येथे थोडे विषयांतर. ज्येष्ठमध, खडीसाखर, मिठाच्या गुळण्या यांनी घशाला बरे वाटते. पण गिळलेला पदार्थ स्वरतंतूंना स्पर्श करीत नाही. केला तर ठसका लागेल. तंतूंना ओलावा मिळतो तो दिवसभर प्यायलेल्या पाण्याने आणि वाफेने. आणि ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढू शकतो. तेव्हा नातीसाठी आणलेली कांडी रक्तदाबाच्या आजोबांनी दिवसभर चघळू नये.

मग थांबवायचे का? रात्रीचे अवश्य थांबवावे. त्याऐवजी सकाळी पाऊण तास आणि शाळेतून आल्यावर थोडे खाऊन, पडून, पुन्हा पाऊण तास. उरलेला रियाज मौन असतो: बंदिश मनात घोळवणे, हातावर ताल धरणे, चांगले गाणे लक्ष देऊन ऐकणे. गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जात, आणि मिळालेल्या थोड्याशा स्वरावलीवर दीर्घकाळ मेहनत करीत. थोडे घेऊन ते पक्के करणे ही वृत्ती तासांच्या वहीत उमटत नाही.

व्यवसायाचा प्रश्न याहून कठीण आहे आणि तो नातीपाशी मोकळेपणाने बोलावा. २०१४ सालच्या एका व्यापक आढाव्यात असे दिसले, की संगीतातील माणसामाणसांच्या कौशल्यातील फरकांपैकी सुमारे एकपंचमांश फरकाचा उलगडाच सरावाच्या तासांवरून होतो. बाकीच्यात उपजत गुण, शिक्षण कधी व कसे सुरू झाले, घरची परिस्थिती असे पुष्कळ काही येते. तेव्हा तास भरले म्हणजे मैफल मिळेल, असे आश्वासन कोणी देऊ नये. आणि तास कमी पडले म्हणून सारे संपले, असेही नाही. विशारद, अलंकार या परीक्षांनी अध्यापनाची वाट खुली होते, साथसंगतीतही उपजीविका होते. ही दुय्यम कामे आहेत, असे घरातील बोलण्यातून सूचित होऊ नये.

आजींनी पत्राच्या शेवटी सहज लिहिले आहे, की लग्नापूर्वी त्याही गात असत. त्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एरिक्सन यांचे सहकारी राल्फ क्रांपे यांनी १९९६ साली त्यांच्यासह प्रौढ व्यावसायिक पियानोवादकांचा अभ्यास मांडला. वयाने इतर हालचाली मंदावल्या असूनही, ज्यांनी सराव टिकवला होता त्यांची वादनातील बोटे बरीचशी चपळ राहिली होती. आर्थर रुबिनस्टाइन हे वादक तर ८९व्या वर्षापर्यंत मंचावर होते. उतारवयात ते निवडक रचना घेत, त्यांवरच अधिक मेहनत करीत, आणि द्रुत भागाच्या आधीचा भाग किंचित संथ वाजवीत, म्हणजे पुढची गती अधिक भासे.

वयपरत्वे स्त्रियांचा आवाज बहुधा खाली उतरतो. तेव्हा आजींनी तरुणपणीच्या काळी चारचा हट्ट न धरता काळी तीन किंवा पांढरी चार लावून पाहावी. पंधरा मिनिटे, पाठ टेकून, सकाळच्या चहानंतर. आधी नुसता आकार, मंद्र पंचमापर्यंत जमेल तितका.