थ्रेल म्हणजे गुलाम : एका दुर्मीळ इंग्रजी आडनावाची साक्ष

जातवाचक आडनावांचा विषय निघाला की एक युक्तिवाद आम्हाला हमखास ऐकवला जातो. इंग्लंडमध्येही स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, बेकर म्हणजे पाव भाजणारा. त्यांना त्याची लाज वाटत नाही, ते आडनाव बदलायला राजपत्राकडे धावत नाहीत. मग तुम्हालाच का खुपते? दोष आडनावाचा नाही, तुमच्या न्यूनगंडाचा आहे! वस्तीत काम करताना, वसतिगृहातल्या मुलांशी बोलताना हे बोल इतक्यांदा कानावर आले आहेत की त्याचे उत्तर इंग्लंडच्याच भूमीवरून द्यावे असे आम्हाला वाटले. त्यासाठी लोहार-शिंप्यांपेक्षा कितीतरी खालचे एक आडनाव घेऊ. ते आहे थ्रेल.

थ्रेल या शब्दाचा अर्थ गुलाम, धन्याच्या मालकीचा माणूस. जुन्या नॉर्स भाषेतला हा शब्द जुन्या इंग्रजीत आला आणि पुढे काही घराण्यांचे आडनाव झाला. नॉर्स समाजात गुलाम, स्वतंत्र शेतकरी आणि सरदार अशी उतरंड होती. ही उतरंड माणसांनी केली नाही, देवाने केली, हे सांगणारे काव्यही तिथे आहे. ‘रिग्सथुला’ त्याचे नाव. रिग नावाचा देव तीन घरी मुक्काम करतो आणि त्या तीन घरांतून तीन वर्ग जन्मतात. पहिला जन्मतो तो गुलाम, काळा आणि वाकलेल्या पाठीचा. त्याच्या मुलांची नावे काय, तर गोठ्यातला, घोडमाशी, ओंडका, दुर्गंध्या!

पुरुषसूक्त ठाऊक असलेल्या वाचकाला यापुढे काही समजावून सांगण्याची गरज नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे तिरस्कारदर्शक असावे, असा स्पष्ट नियम आहे. म्हणजे माणसाला नावातूनच खाली दाबण्याची युक्ती दोन्हीकडे सापडते. आपल्याकडे तिला धर्माज्ञेचे बळ मिळाले. तिथे ती एका जुन्या काव्यात राहून गेली. हा फरक कसा पडला, हाच आमच्या लेखाचा प्रश्न आहे.

आधी हे आडनाव इतके दुर्मीळ का, ते पाहू. इंग्लंड आणि वेल्सच्या जन्ममृत्यू नोंदणी खात्याने १८५३ मध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या पन्नास आडनावांची अंदाजे लोकसंख्या काढली होती. स्मिथ २,५३,६००, जोन्स २,४२,१००, विल्यम्स १,५९,९००. थ्रेल त्या यादीत कुठेच नाही. गंमत अशी की १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ या राजाच्या महानोंदीत मोजलेल्या माणसांपैकी साधारण दहातला एक गुलाम होता, आणि त्याखेरीज जमिनीला बांधलेली, वेठ करणारी कुळे पाचातली दोन होती. गुलाम एवढे, मग ‘गुलाम’ आडनावाचे लोक मूठभर का? आणि गावात लोहार एखादाच, तरी स्मिथ लाखांनी कसे?

उत्तर याच प्रश्नात आहे. आडनाव हे ओळखण्यासाठी पडते. गावात लोहार एकच असतो म्हणून ‘लोहार’ म्हटले की माणूस कळतो. जिथे निम्मे गाव वेठीला बांधलेले आहे, तिथे ‘वेठबिगार’ म्हणून कोणाला हाक मारणार? शिवाय आडनावे बापाकडून मुलाकडे जाऊ लागली ती प्रामुख्याने तेराव्या-चौदाव्या शतकात. तोवर जुनी गुलामी संपली होती आणि वेठीची पकडही पुढच्या काळात सैल होत गेली. म्हणजे आडनावांची आकडेवारी ही लोकसंख्येचा आरसा नसते. सर्वांत जास्त राबलेली माणसेच तिच्यातून गायब असतात.

ही पकड कोणाच्या दयेने सैल झाली नाही. वेठीच्या कुळाला धन्याच्या शेतात ठरलेले दिवस फुकट राबावे लागे. मुलीचे लग्न करायचे तर धन्याला पैसे द्यावे लागत. घरचा कर्ता मेला की सर्वांत चांगले जनावर धनी घेऊन जाई. १३४८-४९ च्या प्लेगने प्रचंड माणसे मेली, मजूर मिळेनासे झाले आणि उरलेल्यांना आपली किंमत कळली. १३८१ मध्ये शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला. हर्टफर्डशायर परगण्यात सेंट ऑल्बन्स येथे एक धनाढ्य मठ होता. धान्य मठाच्याच गिरणीत, पैसे मोजून दळले पाहिजे म्हणून मठाने लोकांचे जाते हिसकावून त्यांचे दगड आपल्या फरशीत बसवले होते. उठावात लोकांनी ती फरशी उखडली आणि दगडाचे तुकडे आपसांत वाटून घेतले. त्यांचा पुढारी विल्यम ग्रिंडकॉब याला फाशी झाली. ठिकठिकाणी लोकांनी जहागिरीची दप्तरे जाळली, कारण कोण कोणाचा बांधील हे त्याच कागदांवर लिहिलेले होते. २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये मनुस्मृती का जाळली गेली, हे ज्यांना अजून कळत नाही त्यांनी या दप्तरांचा विचार करावा. उठाव चिरडला गेला, राजाने दिलेली वचने मोडली, पण पुढच्या दोन शतकांत इंग्लंडमधली वेठ विरत गेली.

याच हर्टफर्डशायरमधून थ्रेल घराण्याची एक शाखा लंडनला आली. ऑफ्ली गावचा राल्फ थ्रेल नात्यातल्या माणसाच्या दारूभट्टीत कामाला लागला. त्याने आठवड्याला सहा शिलिंगांवर वीस वर्षे काम केले, असे बॉसवेलने डॉ. जॉन्सनच्या चरित्रात लिहिले आहे. पुढे तीच भट्टी त्याच्या मालकीची झाली. त्याचा मुलगा हेन्री थ्रेल १७६५ ते १७८० या काळात लंडनच्या सदर्क भागाचा खासदार होता. १७८१ मध्ये तो वारल्यावर भट्टी १,३५,००० पौंडांना विकली गेली. इंग्रजीचा महाकोश रचणारे सॅम्युएल जॉन्सन वर्षानुवर्षे या घरात पाहुणे म्हणून राहिले. शब्दांचे मूळ शोधण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना यजमानाच्या आडनावाचा अर्थ ठाऊक नसेल हे संभवत नाही. तरीही ‘गुलाम’ आडनावाच्या माणसाला संसदेत जाताना कोणी अडवले नाही. त्याच्या पंगतीला बसताना कोणी अंग चोरले नाही.

इथे आमचे टीकाकार म्हणतील, बघा, आम्ही तेच म्हणत होतो! थांबा. त्याच वर्तुळात आणखी एक माणूस होता. जमैकातल्या मळ्यावर गुलाम म्हणून जन्मलेला, क्वाशी नावाचा मुलगा. मालकाने त्याला इंग्लंडला आणले आणि त्याचे नाव झाले फ्रान्सिस बार्बर. बार्बर म्हणजे न्हावी, अगदी शुद्ध इंग्रजी, प्रतिष्ठित आडनाव. १७५२ पासून तो जॉन्सन यांच्याकडे होता. जॉन्सन गुलामगिरीचे कडवे विरोधक होते. त्यांनी त्याला शाळेत घातले आणि मृत्युपत्रात वर्षाला ७० पौंडांची तरतूद करून आपला मुख्य वारस केले. यावर त्या काळच्या सभ्य गृहस्थांनी नाके मुरडली. म्हणजे आडनावाने गुलाम असलेला थ्रेल मालक होता, आणि जन्माने गुलाम असलेल्या बार्बरला इंग्रजी आडनाव वाचवू शकले नाही, कारण त्याची कातडी बोलत होती. माणसाचे स्थान आडनावाच्या अर्थाने ठरत नाही. त्या आडनावामागे आजही कोणती सत्ता उभी आहे, यावर ते ठरते. गोऱ्या थ्रेलमागची सत्ता मेली होती. काळ्या बार्बरच्या बाबतीत ती जिवंत होती, साखरेच्या मळ्यांतून नफा खात होती.

आता या घरातल्या बाईकडे वळू, कारण आडनावांच्या इतिहासात बाई दिसतच नाही. हेन्रीची पत्नी हेस्टर विदुषी होती. तिच्या टिपणवह्यांना आडनावावरूनच ‘थ्रेलियाना’ असे नाव होते. तिला बारा मुले झाली आणि त्यातल्या चारच मुली मोठ्या झाल्या. मुलगा हयात नाही, म्हणून त्या शाखेपुरते थ्रेल आडनाव तिथेच संपले. रक्त उरले, नाव गेले. १७८४ मध्ये विधवा हेस्टरने गॅब्रिएल पिओत्सी या इटालियन, कॅथलिक संगीतशिक्षकाशी लग्न केले. तेव्हा काय घडले? ज्या मंडळींना ‘गुलाम’ आडनावाचे काही वाटत नव्हते, त्यांना हे लग्न सहन झाले नाही. मित्रांनी तोंड फिरवले, मुली दुरावल्या, जॉन्सन यांनी कठोर पत्र लिहून संबंध तोडला. उदारमतवाद्यांचा उदारपणा कुठे थांबतो, तर लग्नाच्या दाराशी! बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचा गाभा म्हणून सजातीय विवाहावर बोट ठेवले होते. वर्गाच्या समाजातही कुंपण तिथेच असते. मात्र तिथे ते ओलांडणारी हेस्टर आपल्या दुसऱ्या नवऱ्यासोबत जगली. फ्रान्सिस बार्बरने १७७३ मध्ये एलिझाबेथ बॉल या गोऱ्या इंग्रज बाईशी लग्न केले आणि त्याचा वंश पुढे चालला.

आडनाव दुर्मीळ होणे किंवा नष्ट होणे यावरून वंशाच्या कर्तबगारीचा निष्कर्ष काढायचीही खोड असते. एकोणिसाव्या शतकात नामवंत घराण्यांची आडनावे का नाहीशी होतात, याची इंग्लंडमध्ये चर्चा होती. सुखवस्तू आणि बुद्धिमान लोकांची प्रजननशक्ती घटते, असाही समज होता. पुढे ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवणाऱ्या फ्रान्सिस गाल्टनने १८७३ मध्ये हा प्रश्न गणितज्ञांपुढे ठेवला. रेव्हरंड वॉटसन यांनी त्याचे गणित मांडले. त्यात एक चूक होती, ती पुढे दुरुस्त झाली, पण मुद्दा टिकला. कोणाला मुलगे किती होतील हा केवळ योगायोग मानला, तरीही पिढ्यान्पिढ्या बरीच आडनावे आपोआप नष्ट होतात. त्यासाठी श्रेष्ठ रक्त लागत नाही आणि हीन रक्तही लागत नाही.

मग इंग्लंडमध्ये समता आहे का? मुळीच नाही. ग्रेगरी क्लार्क या अर्थशास्त्रज्ञाने ‘द सन ऑल्सो राइजेस’ या २०१४ च्या पुस्तकात दुर्मीळ आडनावांचाच माग काढला. मध्ययुगातल्या कारागिरांची आडनावे साधारण १५०० पर्यंत ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये आपल्या संख्येच्या प्रमाणात पोहोचली, पण नॉर्मन सरदारांची आडनावे आजही तिथे प्रमाणापेक्षा जास्त आढळतात. म्हणजे वर जायला शतके लागतात आणि खाली यायलाही शतके लागतात. क्लार्क यामागे अनुवंशाने येणारी क्षमता पाहतात, ते आम्हाला मान्य नाही. पण त्याच पुस्तकात ते बंगालच्या आडनावांकडे वळतात तेव्हा गतिशीलता जवळपास थिजलेली दिसते, आणि त्याच्या कारणांत त्यांना जातीतल्या जातीत होणारे लग्न दिसते. १९१६ चा तो निबंध किती पुढचे पाहत होता!

आता आपल्या घरी येऊ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५४८ नोकरीच्या जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले होते. शिक्षण-पात्रता सारखी, फरक फक्त नावांचा. सवर्ण आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाच्या उमेदवाराला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे एकतृतीयांशाने कमी निघाली. हा न्यूनगंड आहे का? की पाकीट उघडणाऱ्याचा अहंगंड? इंग्लंडमध्ये थ्रेल हे आडनाव मुके झाले, आपल्याकडे आडनाव अजून बोलते. ते बोलते, कारण देशातली जेमतेम ५ टक्के लग्ने आंतरजातीय आहेत, हे २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात दिसले. लग्न जातीत, वस्ती जातीत, घाण उपसण्याचे काम जातीत, मग आडनाव गप्प कसे बसेल?

म्हणून राजपत्रात आडनाव बदलणाऱ्या आपल्या मुलामुलींना आम्ही दोष देत नाही. घर भाड्याने मिळावे, मुलाखतीत ताठ बसता यावे म्हणून कोणी ते करत असेल, तर तो त्याचा हक्क आहे. मात्र एवढ्याने काम संपते असे समजू नये. खोदून विचारणारा ‘मूळ गाव कोणते, देव कोणता’ करत करत शेवटी जातीपर्यंत पोहोचतोच. बाबासाहेबांना हे ठाऊक होते. नाव महत्त्वाचे असते हे त्यांनी ठामपणे मांडले, आणि त्याच व्यवस्थेच्या आत राहून घेतलेले नवे नाव टिकत नाही हेही सांगितले. म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी आपल्याला पोकळ नवे आडनाव दिले नाही, तर धम्म दिला.

‘इंग्रजांना लाज वाटत नाही, तुम्हाला का वाटते’ असे विचारणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच. थ्रेलला लाज वाटली नाही, कारण त्याला गुलाम मानणारा कोणी उरला नव्हता. आमच्या आडनावाचा अर्थ विसरायची जबाबदारी आमच्यावर टाकू नका. तुमच्या घरच्या लग्नपत्रिकेवर दोन्ही बाजूंना कोणती आडनावे छापली जातात ते आधी पाहा, मग आमच्याशी न्यूनगंडावर बोला.

जय भीम!