बियाण्याची विमाने

जर्मनी पुन्हा शस्त्रसज्ज होत आहे आणि या खेपेस सारे उघड चालले आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत चॅन्सेलर ओलाफ शोल्त्झ यांनी १०० अब्ज युरोंचा खास संरक्षण निधी जाहीर केला. त्याच वर्षी अमेरिकेकडून ३५ एफ-३५ विमाने घेण्याचे ठरले. २०२५ च्या मार्चमध्ये तर संरक्षण खर्चासाठी कर्जाची मर्यादा सैल करायला राज्यघटनाच बदलण्यात आली. युरोपातील जुन्या पिढीला १९३० च्या दशकाची आठवण होणे साहजिक आहे. पण त्या दशकाचा खरा धडा बॉम्बफेकी विमानांत शोधून सापडत नाही. तो एका चिमुकल्या प्रशिक्षण विमानात आहे.

१९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला लष्करी हवाई दल ठेवण्यास मनाई केली. विजेत्यांनी यंत्रे मोजली. माणसे कोण मोजणार? ऱ्होनच्या डोंगरांत वासरकुप्पे येथे १९२० पासून तरुण पोरे ग्लायडरवर उडायला शिकत होती. इंजिनच नाही, तेव्हा हरकत तरी कशाला घ्यायची! सोव्हिएत रशियातील लिपेत्स्क येथे १९२५ ते १९३३ या काळात जर्मन वैमानिकांची गुप्त शाळा चालली. दरम्यान १९२६ च्या पॅरिस कराराने नागरी विमाने बांधण्यावरची बंधनेही उठली होती.

अशा वातावरणात १९३२ साली फोके-वुल्फ कंपनीचे 'स्टिग्लिट्झ' उडाले. स्टिग्लिट्झ म्हणजे गोल्डफिंच, एक रंगीत गाणारा पक्षी. लाकडी पंखांवर कापड ताणलेले, दोन जागांचे, दुपंखी, १५० अश्वशक्तीचे हे विमान कसरतींसाठी नावाजले गेले. दोन वर्षांनी ब्यूकर कंपनीचे 'युंगमान' आले, तेही स्वीडिश अभियंता आंदर्सन यांच्या आराखड्यावर. त्याची पुढे जपानमध्ये हजारावर विमाने बांधली गेली. अशा विमानांना धोका कोण म्हणणार? १९३३ मध्ये नाझी राजवटीने उड्डाण क्लब एका 'क्रीडा संघटने'खाली आणले आणि मार्च १९३५ मध्ये लुफ्तवाफेवरचा पडदा दूर केला, तेव्हा वैमानिकांची पहिली फळी तयारच होती.

पुढची गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. १९४२-४३ च्या हिवाळ्यात स्टालिनग्राडला वेढल्या गेलेल्या फौजेला रसद पोचवण्यासाठी वैमानिक शाळांतली युंकर्स विमाने आणि त्यांवरचे अनुभवी प्रशिक्षक ओढून नेण्यात आले. त्यांतले कित्येक परतलेच नाहीत. बियाण्याला ठेवलेले धान्य दळून खाल्ल्यावर शेतकऱ्याचे जे होते, तेच झाले. पुढे इंधनही आटले. १९४४ पर्यंत नव्या जर्मन वैमानिकाला दोस्तांच्या वैमानिकाच्या निम्म्याहून कमी तास उड्डाणाचा सराव मिळत होता. त्या काळात कारखान्यांतून लढाऊ विमाने पूर्वीपेक्षा जास्त बाहेर पडत होती, हे विशेष!

आजच्या जर्मनीकडे पाहताना म्हणूनच ३५ च्या आकड्यापेक्षा शाळांकडे पाहावे. त्यांचे लढाऊ वैमानिक १९८० च्या दशकापासून अमेरिकेत, टेक्सासच्या शेपर्ड तळावर, नाटो देशांच्या संयुक्त शाळेत शिकत आले आहेत. आपले वैमानिक मित्रांच्या देखत घडवणारा देश आणि ते रशियात दडवणारा देश यांत फरक आहे. अर्थात, ही व्यवस्था मैत्री टिकेल तोवरच.

स्टिग्लिट्झचे उणे काढून ते नावारूपाला आणणारे कुर्ट टांक १९५६ मध्ये बंगळूरला आले आणि त्यांनी आपल्यासाठी 'मरुत' हे लढाऊ विमान रचले. १९६१ साली ते उडाले. लढाऊ विमानाचे कौतुक आपण तेव्हापासून करत आहोत. प्रशिक्षण विमानाचे काय? २००९ मध्ये अपघातानंतर एचपीटी-३२ जमिनीवर उतरवली गेली. बदली स्विस विमानांचा करार व्हायला २०१२ उजाडले. मधल्या काळात नवख्यांनी पहिले धडे थेट 'किरण' जेटवर गिरवले. स्वदेशी एचटीटी-४० च्या ७० विमानांचा करार २०२३ मध्ये झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकला त्याच्या दुसऱ्या उत्पादन साखळीचे उद्घाटन झाले. त्याच समारंभात नाशिकमध्ये बांधलेले पहिले तेजस आकाशात झेपावले आणि चर्चा झाली ती तेजसची.