नळ आणि पात्र

नाशिकच्या तांबटांनीं घडविलेले हंडे व घागरी आजहि अनेक घरांतून आढळतात. तांब्याच्या भांड्यांत ठेविलेलें पाणी आरोग्यास हितकर, ही समजूत निराधार नाहीं. बंगळूर येथील संशोधकांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, अतिसाराचे जंतु मुद्दाम मिसळलेलें पाणी तांब्याच्या भांड्यांत १६ तास ठेविल्यावर त्यांत जिवंत जंतु सांपडले नाहींत. यावरून कित्येक सुज्ञ गृहस्थ असें अनुमान काढतात कीं, घरांत तांब्याचे नळ बसविले म्हणजे चिंता मिटली. हें अनुमान मात्र तपासून घेतलें पाहिजे.

भांडें आपण रोज घासतों. नळ आंतून कोण घासणार? नळाच्या आंतील अंगास सूक्ष्म जंतूंचा बुळबुळीत थर हळूहळू बसत जातो. फिनलंडमध्यें झालेल्या व २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत हा थर तांब्याच्या नळांत प्रारंभीं प्लास्टिकच्या नळांपेक्षां सावकाश वाढला. परंतु सुमारें २०० दिवसांनीं दोहोंत भेद उरला नाहीं. लोखंडी नळास गंज चढला कीं त्याच्या खांचाखळग्यांत जंतूंना आश्रय मिळतो, आणि पाण्यांतील क्लोरीनहि त्या गंजांतच खर्ची पडतें. प्लास्टिक गंजत नाहीं. पण कांहीं प्रकारच्या प्लास्टिकांतून पाझरणारीं सेंद्रिय द्रव्यें जंतूंचें अन्न होतात. तात्पर्य, सर्वथा निर्दोष असा नळ नाहीं.

मग करावें काय? गंगापूर धरणाचें पाणी शुद्ध होऊन, क्लोरीन मिसळून आपणांकडे येतें. भारतीय मानकाप्रमाणें ग्राहकाच्या नळाशीं दर लिटरास किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावयास पाहिजे. घराच्या आंत तें टिकविणें बव्हंशीं आपल्या हातीं आहे. गंजलेला नळ बदलावा. नवा नळ गटारापासून दूर न्यावा. कारण पुरवठा थांबला कीं रिकामा नळ फटींतून बाहेरील घाण आंत ओढतो. रात्रभर नळांत सांचलेलें पाणी प्रथम वाहूं देऊन तें झाडांस घालावें. गच्चीवरील टाकी झांकलेली असावी व ती नियमानें धुवावी. घरांत तान्हें मूल किंवा आजारी माणूस असेल तर पाणी उकळावेंच. तांब्याची घागर खुशाल ठेवावी, परंतु ती रोज घासावी, आणि ताक वा लिंबाचें सरबत तींत ठेवूं नये.

संस्कृतांत पिणें या अर्थाचा 'पा' आणि राखणें या अर्थाचा 'पा' असे दोन धातु आहेत. पहिला आपण नित्य चालवितों. दुसऱ्याचाहि विसर पडूं नये.