पिल्लं विकून घर चालत नाही: आधी मालक व्हा, मग प्रदर्शक, शेवटी ब्रीडर



"एक मादी घ्या, वर्षाला लाखो कमवा" असे व्हिडिओ सध्या मोबाईलवर धो-धो येतात. ते पाहून आपल्या चिखला-तुमसरकडची पोरं विचारतात, "सर, व्हिपेट किंवा कारवान आणून ब्रीडिंग करू का?" माझं मत सरळ आहे. आवड असेल तर जरूर करा. पण पोटापाण्याचा धंदा म्हणून या कामात उतरू नका.

ही जात आली कुठून?

व्हिपेट म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेकडच्या खाणकामगारांचा कुत्रा. सुट्टीच्या दिवशी मालक लांबून फडकं हलवायचा आणि कुत्रा त्याच्याकडे सुसाट पळायचा, अशी त्यांची शर्यत. 'गरिबाचा रेसचा घोडा' म्हणायचे त्याला. 1891 मध्ये तिथल्या केनेल क्लबनं या जातीला मान्यता दिली. आपलं चिखलाही मॅंगनीजच्या खाणीचं गाव, म्हणून ही गोष्ट मला जवळची वाटते. लक्षात घ्या, त्या कामगारांची रोजी खाणीवर होती. कुत्रा हा हौसेचा भाग होता.

आपल्याकडे याच घडणीचा, पण उंचीनं मोठा कुत्रा म्हणजे दख्खनचा कारवान हाउंड. मुधोळ हाउंड म्हणतात तोही याच घराण्यातला. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी ही जात जोपासली आणि 2005 मध्ये टपाल खात्यानं मुधोळ हाउंडचं तिकीटही काढलं. मला विचाराल तर सुरुवात आपल्या मातीतल्या जातीपासून करा.

आता हिशोब मांडू

आकडे मी गृहीत धरलेत, तुम्ही तुमच्या भागातले टाका. मादीची खरेदी यात धरलेलीच नाही.

- मादीचं दोन वर्षांचं खाणं-औषध, महिना 3,000 प्रमाणे: 72,000
- नराची फी: 10,000
- सहा पिल्लांचं लसीकरण, जंतनाशक: 12,000
- पिल्लांचं दोन महिन्यांचं खाणं: 9,000
- नोंदणी फी: 5,000

एकूण 1,08,000. सहाही पिल्लं जगली आणि 15,000 प्रमाणे विकली गेली, तर हातात 90,000. म्हणजे 18,000 चा तोटा. तिसऱ्या वर्षी दुसरी वेत झाली तर खर्च 67,000, उरले 23,000. मागचा तोटा वजा करा. तीन वर्षांत कमाई 5,000! त्यात एक सिझेरियन झालं की तेही गेले. राजेहो, एवढ्यात दुकानाचं लाईट बिलसुद्धा निघत नाही.

"मग वर्षातून दोनदा वेत घेऊ," असं कोणी म्हणेल. इथंच माझा खरा विरोध आहे. दुकानातला साबण जास्त ठेवला तर फार तर धूळ बसते. मादी म्हणजे गोदाम नाही. साधारण 63 दिवस ती पोटात पिल्लं वाढवते, मग अंगावर पाजते. आपला नफा वाढवायला तिचं शरीर झिजवायचं, याला मी उद्योग म्हणत नाही.

कायदाही हेच सांगतो. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार विक्रीसाठी पिल्लं काढणाऱ्यानं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. मादी किमान 18 महिन्यांची हवी, 8 वर्षांपुढे प्रजनन नाही, वर्षात एकापेक्षा जास्त वेत नाही. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. घरातली एकच मादी आहे म्हणून सूट मिळेल, असं समजू नका.

मग योग्य क्रम कोणता?

पहिली पायरी, मालक व्हा. एक पिल्लू आणा आणि दोन वर्षं नीट सांभाळा. हा कुत्रा नजरेनं शिकार हेरणारा आहे. ससा दिसला की हाक ऐकत नाही. आपल्याकडे जंगल जवळ आहे आणि ससा मारणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे. म्हणून कुंपण आणि पट्टा पाहिजेच. अंगावर चरबी कमी असते, त्यामुळे भूल देताना विशेष काळजी लागते. असा डॉक्टर आधी शोधून ठेवा.

दुसरी पायरी, प्रदर्शक व्हा. केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी आणि मायक्रोचिप करून शोमध्ये उतरा. तुमच्या डोळ्यांना सुंदर दिसणाऱ्या कुत्र्याची चाल, छाती, पाठ जज कशी तपासतो ते बघा. चांगले ब्रीडर तिथंच भेटतात. ही ओळख कोणत्याही जाहिरातीनं मिळत नाही.

तिसरी पायरी, ब्रीडर. तीही तेव्हाच, जेव्हा पिल्लं जन्मायच्या आधी घेणारी घरं ठरलेली असतील आणि न विकलेलं पिल्लू तुम्ही स्वतः सांभाळायला तयार असाल.

कमाईच करायची असेल तर गावाला गेलेल्यांचे कुत्रे सांभाळणं, खाद्य विक्री, पट्टे शिवणं ही कामं बघा. भांडवल कमी, गिऱ्हाईक दर महिन्याला परत येतं.

या आठवड्याचा गृहपाठ: वरचा हिशोब तुमच्या आकड्यांनी वहीत मांडा. खाली तोटा दिसूनही कुत्रा पाळावासा वाटला, तर समजा की तुम्ही योग्य माणूस आहात.

भेटू पुढच्या व्हिडिओत!