एकाच शब्दाचें पाल्हाळ

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हातानें नकललेली एखादी जुनी पोथी असेलच. नकलणाऱ्याची नजर चुकून तींत एखादा शब्द दोनदां पडलेला असतो. वाचणारा तो मनांत गाळतो व पुढें जातो. मनुष्याच्या प्रत्येक पेशींत वंशाची जी पोथी असते तींतहि अशा पुनरुक्ति आहेत. परंतु तेथें गाळून वाचण्याची सोय नाहीं.

जॉर्ज हंटिंग्टन हा अमेरिकेंतील लाँग आयलंड येथील वैद्यघराण्यांतला. बाप व आजा दोघेहि डॉक्टर. लहानपणीं बापाबरोबर जातांना त्यास वाटेंत आई व मुलगी अशा दोन स्त्रिया दिसल्या. दोघीहि उंच, कृश, आणि दोघींचेहि अवयव आपोआप वेडेवांकडे हालत होते. पुढें १८७२ सालीं त्यानें या व्याधीवर निबंध लिहिला, व तीस त्याचेंच नांव पडलें. आईबापांपैकीं एकास ती असल्यास प्रत्येक अपत्यास दोष येण्याचा संभव निम्मा असतो; जें अपत्य सुटलें त्याच्या वंशांत ती पुन्हां उगवत नाहीं. विकार प्रकट होतो तो बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान, म्हणजे मुलेंबाळें झाल्यावर. हालचाल, बुद्धि व स्वभाव तिन्ही हळूहळू ढासळतात.

याचें जनुक १९९३ सालीं सांपडलें. त्यांत सी-ए-जी हीं तीन अक्षरें ओळीनें पुनःपुन्हां येतात. ती संख्या निरोगी माणसांत ३५ किंवा कमी असते. ४० किंवा अधिक झाली, तर पुरतें आयुष्य लाभलेल्यास विकार टळत नाहीं.

येथें एक कोडें उभें राहतें. हें जनुक शरीरांत जवळजवळ सर्वत्र वाचलें जातें, आणि मेंदूच्या तर बहुतेक सर्व भागांत त्याचें प्रथिन तयार होतें. मग आग एकाच खोलींत प्रथम कां लागते? नाश सुरू होतो तो मेंदूच्या गाभ्यांतील स्ट्रायटम या भागांत, व तेथेंहि एका विशिष्ट जातीच्या मज्जापेशींचा. शिवाय जन्मापासूनचा दोष चाळीस वर्षें गप्प कां बसतो?

हार्वर्ड व ब्रॉड इन्स्टिट्यूट येथील शास्त्रज्ञांनीं २०२५ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनानें यावर मोठा प्रकाश पडला. मरणोत्तर दान केलेल्या मेंदूंतील एकेक पेशी घेऊन त्यांनीं तींतील पुनरुक्ति मोजली. जन्मतः चाळीस-पंचेचाळीस असलेली ही संख्या त्या विशिष्ट पेशींत वाढत जाते. ८० पर्यंत पोहोंचावयास कित्येक दशकें लागतात, पुढें १५० पर्यंत मात्र थोडींच वर्षें. तोंवर पेशीचा कारभार बहुतेक सुरळीत दिसतो. नंतर तिच्या इतर जनुकांच्या वाचनांत घोटाळा माजतो व ती मरते. ही वाढ होते ती पोथी दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेच्याच हातून! दुरुस्तीच्या नांवाखालीं मोडतोड वाढविणारा कारागीर आमच्या वाचकांस अपरिचित नसेल.

हंटिंग्टनचें प्रथिनच कमी करण्यासाठीं टोमिनर्सन या औषधाचा मोठा प्रयोग चालला होता. त्यांतील डोस देणें २०२१ सालीं थांबवावें लागलें. तेवढ्यावरून तो मार्ग आम्ही त्याज्य ठरवीत नाहीं. परंतु पुनरुक्तीची वाढच रोखण्याचा विचार आम्हांस अधिक आशेचा वाटतो, कारण त्यास कित्येक दशकांचा अवधि मिळतो.

या अवधीचें करावयाचें काय, हा प्रश्न मात्र घरांतला आहे. नॅन्सी वेक्सलर यांची आई याच रोगानें १९७८ सालीं वारली. जनुकाच्या शोधांत त्या अग्रभागीं होत्या. तरी रक्ताची तपासणी हातीं आल्यावर ती स्वतः करून घ्यावयाची नाहीं असें त्यांनीं ठरविलें, आणि आपणांस विकार असल्याचें २०२० सालीं जाहीर सांगितलें. त्यांस भ्याड म्हणण्याची आमची छाती नाहीं. पण तपासणी न करणें निराळें आणि घराण्यांतील व्याधि लग्न जुळवितांना दडविणें निराळें. पहिलें ज्याचें त्याचें स्वातंत्र्य. दुसरी परक्याच्या लेकीची फसवणूक होय. त्याच न्यायानें, वडीलधाऱ्यांनीं उपवर मुलास दटावून तपासणीस नेणें हेंहि आम्हांस मान्य नाहीं. लक्षणें नसलेल्या अज्ञान मुलांची ही तपासणी करीत नाहींत, आणि सज्ञान माणसाचीहि आधीं सल्लामसलत होऊन त्याच्या स्वतःच्या संमतीनेंच करतात.