पदवीचा पोत



जून उजाडला की हिंदमातेच्या व्यापाऱ्याला दोन काळज्या एकदमच गाठतात. पहिली पाण्याची. आभाळ भरून आले की तळमजल्यावरच्या गाठी वरच्या फळ्यांवर चढवायच्या, पोटमाळा मोकळा करायचा, भरतीची वेळ पाहून ठेवायची. दुसरी काळजी घरातली. बारावीचा निकाल हाती आलेला असतो आणि मुलाला पुढे कोठे घालायचे, हा प्रश्न जेवणाच्या पानावर येऊन बसतो. पहिल्या काळजीची तयारी आपण मे महिन्यापासून करतो. दुसरीचा निर्णय मात्र पुष्कळ घरांत एखाद्या नातलगाच्या सांगण्यावरून एका संध्याकाळी होऊन जातो.

गेल्या वर्षी चातुर्मासात प्रवचन संपल्यावर या भागातील एक कापड व्यापारी मला बाजूला घेऊन म्हणाले, “सर, मोठा शेवटी आमच्या गादीवरच बसणार. मग त्याने बी.कॉम. पुरे केले काय आणि अर्धवट सोडले काय, फरक काय पडतो? धाकटीला मात्र चांगलीशी पदवी हवी. हल्ली स्थळे विचारतात.”

हे गृहस्थ कापडाचे मोठे जाणकार. डोळे मिटून बोटांनी पोत सांगतील. तागा उलगडून पाहिल्याखेरीज माल उचलणार नाहीत. परंतु मुलाची पदवी त्यांना निरुपयोगी वाटत होती आणि मुलीची पदवी दागिन्यासारखी. पदवी उलगडून पाहण्याचे काम दोघांच्याही बाबतीत राहून गेले होते.

आपल्या समाजात शिक्षणाची कदर नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आणि त्यावरचा राजाबाई मनोरा उभा राहिला तो प्रेमचंद रायचंद या जैन व्यापाऱ्याच्या देणगीतून, आणि मनोऱ्याला नाव मिळाले त्यांच्या मातोश्रींचे. शेठ माणिकचंद हिराचंद यांनी विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढले. आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने गोवालिया टँक येथे श्री महावीर जैन विद्यालय उभे राहिले, आणि त्याला शंभर वर्षे उलटून गेली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांचे महाविद्यालयीन शिक्षण अपुरे राहिले, तरी आज सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांच्या नावाने ओळखले जाते. कर्मवीर भाऊराव पाटील मॅट्रिकही झाले नव्हते. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि खेड्यापाड्यांतील मुलांना ‘कमवा आणि शिका’ ही वाट दिली. या दोघांची नावे घेऊन ‘पदवीवाचून काय अडले?’ असे विचारणारे भेटतात. त्यांनी एवढेच पाहावे की, स्वतःजवळ पदवी नसलेल्या भाऊरावांनी आपले उभे आयुष्य दुसऱ्यांची मुले शिकावीत म्हणून वेचले.

आता तागा उलगडू या.

शिक्षण संपल्यावर हाती येणारे कागद मुख्यत्वे तीन जातींचे असतात. पहिली जात विद्यापीठाच्या पदवीची: बी.कॉम., बी.एस्सी., बी.टेक., एलएल.बी. पदवी देण्याचा अधिकार १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याप्रमाणे विद्यापीठांना आणि कायद्याने तसा अधिकार मिळालेल्या संस्थांनाच आहे. दुसरी जात व्यावसायिक अर्हतेची. सी.ए., कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंट या अर्हता विद्यापीठ देत नाही. संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या स्वतंत्र संस्था त्या देतात. तिसरी जात पदविका आणि प्रमाणपत्रांची. त्यांत तंत्रनिकेतनाची भक्कम पदविका येते आणि तीन आठवड्यांच्या शिकवणीचा चकचकीत कागदही येतो. म्हणून या जातीत पारख सर्वांत जास्त लागते.

कोणताही कागद हाती घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: ‘याच्यावाचून न उघडणारे कोणते दार हा उघडतो?’ दुकान चालवायला पदवी लागत नाही, हे खरेच. परंतु ताळेबंदाच्या वैधानिक लेखापरीक्षणावर सही करायला सी.ए. व्हावेच लागते. न्यायालयात उभे राहायला कायद्याची पदवी आणि सनद हवी. औषधाची चिठ्ठी लिहायला वैद्यक परिषदेची नोंदणी हवी. स्पर्धा परीक्षा, परदेशातील पदव्युत्तर शिक्षण, विद्यापीठाचे एम.बी.ए., या साऱ्यांच्या उंबरठ्यावर पदवी मागतात. मोठा मुलगा बाविसाव्या वर्षी गादीवर बसेलही. पण पस्तिसाव्या वर्षी व्यापाराने वळण घेतले आणि त्याला कायदा शिकावासा वाटला, तर अर्धवट सोडलेले बी.कॉम. त्या दारात आडवे येईल. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर कायद्याचा अभ्यास तीन वर्षांत होतो. पदवी नसेल, तर बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रमच उरतो.

आपल्या घरांत सी.ए.चे नाव सर्वाधिक घेतले जाते, म्हणून त्याविषयी दोन शब्द अधिक. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमीडिएट, मग प्रत्यक्ष कार्यालयातील उमेदवारी आणि शेवटी फायनल, असा हा मार्ग आहे. २०२३ पासून नव्या योजनेत उमेदवारीचा काळ तीनऐवजी दोन वर्षांचा झाला. वाणिज्य शाखेत किमान ५५ टक्के आणि अन्य शाखांत ६० टक्के गुण मिळवणाऱ्या पदवीधरांना फाउंडेशन न देता थेट इंटरमीडिएटला नोंदणी करता येते. हा मार्ग उत्तम आहे, पण लांबचा आहे, आणि पुष्कळांना एकाहून अधिक वेळा परीक्षेला बसावे लागते. म्हणून सी.ए. करतानाही सोबतची पदवी सोडू नये. मुक्कामाला पोहोचण्यास उशीर झाला, तरी वाटेत एक धर्मशाळा पक्की असावी.

पदवीची रचनाही बदलली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचा अभ्यास तीन किंवा चार वर्षांचा आहे. ठरलेल्या अटी पुऱ्या केल्यास एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी मिळते. मिळवलेले श्रेयांक ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा राहतात आणि पुढे परत येऊन शिक्षण सुरू करता येते. व्यापाऱ्याला ही रचना समजायला अवघड जाऊ नये, कारण ती खातेवहीच आहे. दुसरा बदल असा की, २०२४-२५ पासून महाराष्ट्रात बी.एम.एस., बी.बी.ए. आणि बी.सी.ए. यांसारख्या एआयसीटीईच्या कक्षेतील अभ्यासक्रमांना प्रवेश परीक्षा आली. तिचा अर्ज साधारणतः निकालापूर्वीच करावा लागतो. निकालाचे पेढे वाटून झाल्यावर चौकशीला निघणाऱ्यांना हे उशिरा कळते.

मोठ्या मुलाविषयी हे सारे मी त्या गृहस्थांना सांगितले. पुढच्या रविवारी ते धाकटीला घेऊन घरी आले. मुलगी विज्ञान शाखेची, अबोल. वडील बोलत असताना तिने हळूच वही उघडली. त्यात एक प्रश्न लिहिलेला होता: आपल्या दुकानातून गेलेल्या एका ड्रेस मटेरियलचा रंग पहिल्याच धुण्यात जातो आणि त्याच गिरणीच्या दुसऱ्याचा जात नाही, असे का? वडील म्हणाले, “अगं, माल परत घ्यायचा आणि पुढे पाठवायचा. त्यात ‘का’ कसले?” ती म्हणाली, “पप्पा, पण रंग कशाने धरतो हे कळले, तर माल परत येणारच नाही.”

खोलीत क्षणभर शांतता पसरली. तीस वर्षे कापड विकणाऱ्या घरात हा प्रश्न पहिल्यांदाच कोणीतरी विचारला होता.

या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या दुकानापासून फार दूर नाही. हिंदमातेहून उत्तरेला निघाले की थोड्याच वेळात माटुंगा येते. तेथील व्हीजेटीआय ही संस्था १८८७ साली भायखळ्याला सुरू झाली आणि १९२३ साली माटुंग्याला आली. मुंबईच्या गिरण्यांना तंत्रज्ञ पुरवणाऱ्या या संस्थेत आजही वस्त्र अभियांत्रिकी शिकवली जाते. तिच्याच शेजारी पूर्वी यूडीसीटी म्हणून ओळखली जाणारी रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून ती सुरू झाली, तेव्हा तिच्या पहिल्या विषयांत वस्त्ररसायन होते. तंतू आणि वस्त्रप्रक्रिया तंत्रज्ञानाची पदवी ती आजही देते. पश्चिमेला वरळीत सस्मिरा आहे, जेथे वस्त्रोद्योगाच्या पदविका मिळतात. ज्यांचा ओढा आरेखनाकडे आहे, त्यांच्यासाठी खारघरला निफ्ट आहे. आपल्या मालाचे विणकाम, रंगाई आणि कस तपासण्याची विद्या दुकानाच्या परिसरात इतकी वर्षे शिकवली जात आहे, आणि आपण मात्र मुलांना ‘कापडात काय शिकायचे असते?’ असे विचारतो.

मुलीची पदवी स्थळासाठी असते, या समजुतीविषयी मी त्या दिवशी थोडे कठोर बोललो. परिचयपत्रिकेतील एक ओळ भरण्यासाठी तीन-चार वर्षे आणि एवढा पैसा घालवणे हे व्यापारी बुद्धीलाही पटू नये. मुलीचे ज्ञान तिच्याबरोबर जाते. सासरी, माहेरी, सुखात आणि अडचणीत ते तिचेच राहते. आपण ज्ञानपंचमीला पुस्तकांची पूजा करतो आणि ज्ञानाची आशातना होऊ नये म्हणून पुस्तकाला पाय लागू देत नाही. ज्याला प्रश्न पडला आहे त्याला गप्प बसवणे, हीही ज्ञानाची आशातनाच नव्हे काय?

एक सावधगिरीची गोष्टही सांगितली पाहिजे. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने दलालाच्या भरवशावर मुलाला ‘एका वर्षात व्यवस्थापनाची पदवी’ देणाऱ्या संस्थेत घातले. शुल्क भरले, समारंभात झगा घालून छायाचित्रही काढले. पुढे मुलगा कायद्याच्या प्रवेशाला गेला, तेव्हा कळले की ती पदवी नव्हेच, खासगी प्रमाणपत्र आहे. वडिलांना पैशांपेक्षा मुलाची उतरलेली मान जास्त लागली. नव्या पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक तपासल्याशिवाय आपण माल मागवत नाही. तीच सवय येथे ठेवावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत विद्यापीठाचे नाव पाहावे. आयोग बनावट विद्यापीठांचीही यादी प्रसिद्ध करतो. दूरशिक्षणाने पदवी घ्यायची असेल, तर त्या अभ्यासक्रमाला आणि त्या वर्षासाठी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का, हे तपासावे. पीजीडीएम ही पदवी नसून पदविका आहे. चांगल्या संस्थेची ती मोलाची असते, पण आपण काय घेत आहोत हे घेतानाच ठाऊक असावे.

येत्या रविवारी दुकान बंद असताना घरी एक वही घ्यावी आणि मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून पाच गोष्टी लिहाव्यात. हा कागद कोण देतो आणि तसा अधिकार त्याला कोणी दिला? तो कोणते दार उघडतो? मध्येच थांबावे लागले, तर हाती काय उरते? वसतिगृह आणि पुस्तके धरून एकूण खर्च किती, आणि कर्ज घेतल्यास फेडणार कसे? आपल्या आहार-आचाराचे नियम तेथे पाळता येतील का? या पाचांच्या खाली एक ओळ मोकळी सोडावी आणि ती मुलालाच लिहू द्यावी: मला यात कोणता प्रश्न सोडवावासा वाटतो? पहिली पाच उत्तरे उत्तम असूनही ही ओळ कोरी राहिली, तर घाई करू नये.

त्या घरी मोठा मुलगा बी.कॉम. पुरे करीत आहे. सकाळी महाविद्यालय आणि दुपारनंतर दुकान, असा त्याचा क्रम आहे. धाकटीने प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला आणि पसंतीक्रमात सर्वांत वर माटुंगा लिहिले. परवा तिचे वडील भेटले. म्हणाले, “सर, प्रवेशाचे जे व्हायचे ते होईल. पण हल्ली रंग गेलेला माल परत आला, की मी त्याचा तुकडा कापून तिच्यासाठी बाजूला ठेवतो.”